चलन वधारलं, पण घरखर्चाला पैसे कमी का पडतात?

प्रश्न: मी आठ वर्षं परदेशात शीतगृहातल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. पगार डॉलरला बांधलेल्या चलनात मिळतो. दर महिन्याला ८०० डॉलर घरी पाठवतो. दीड वर्षापूर्वी डॉलरला ५० मिळायचे, म्हणजे घरी ४० हजार जायचे. आता आपलं चलन मजबूत झालंय, दर ४५ वर आलाय, म्हणजे ३६ हजार. त्यातले २२ हजार घरकर्जाच्या हप्त्याला जातात. ९ लाख मुद्दल बाकी आहे, व्याज ९ टक्के. वडील विचारतात, हल्ली पैसे कमी का पाठवतोस? धाकटा भाऊ निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात आहे, त्याचा ओव्हरटाइम बंद झालाय. बातम्यांत मात्र चलन वधारलं म्हणून कौतुक चाललंय. वस्तू स्वस्त होतील म्हणतात, त्याही झालेल्या दिसत नाहीत. दर पुन्हा ५० होईपर्यंत पैसे इथेच ठेवू का? एक मित्र म्हणतो, अ‍ॅपवर डॉलरचे सौदे करून तोटा भरून काढ. दुसरा म्हणतो, इथल्या बँकेचं कर्ज काढून घरचं कर्ज फेडून टाक. शेवटच्या पावतीचा फोटो जोडला आहे. देशांची नावं छापू नका.

उत्तर: वडिलांचा प्रश्न आधी घेऊ. बाकीचे प्रश्न हिशेबाचे आहेत, हा मनाला लागणारा आहे. तुम्ही एक डॉलरही कमी पाठवलेला नाही, आणि तरी वडिलांना जे दिसतंय तेही खोटं नाही. दर १० टक्के उतरला. हप्ता भरून घरखर्चाला पूर्वी १८ हजार उरत, आता १४ हजार उरतात. ही घट २२ टक्क्यांची आहे. हप्ता घरच्या चलनात ठरलेला असल्यामुळे दर उतरला म्हणून तो कमी होत नाही, आणि उतरलेल्या दराचा सगळा भार उरलेल्या पैशांवर पडतो. वडिलांच्या हातात खर्चाची वही आहे आणि त्या वहीतून पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम नाहीशी झाली आहे. त्यांनी विचारणं साहजिक आहे.

यावर उपाय साधा आहे, तो या महिन्यापासूनच करा. पैसे पाठवल्यावर घरी एक निरोप टाका, त्यात तीनच आकडे: किती डॉलर पाठवले, काय दर मिळाला, किती जमा झाले. त्याखाली गेल्या वर्षी याच महिन्याचे तेच तीन आकडे. लांबलचक समजावणी नको. तीन-चार महिने हे आकडे शेजारी-शेजारी दिसले की पहिला आकडा बदललेला नाही हे त्यांचं त्यांनाच कळेल. अशा काळात बऱ्याच घरांमध्ये पैशांच्या ओढाताणीपेक्षा संशयानेच जास्त नुकसान होतं, म्हणून हे काम सगळ्यात आधी सांगितलं.

आता पावती. तुम्ही पत्रात ४५ लिहिलंय, पण पावतीवर दर ४४.१० आहे. शुल्क शून्य, ८०० डॉलर, जमा ३५,२८०. म्हणजे घरी ३६ हजार पोचतच नाहीत. ४५ हा बाजारातला दर, बातम्यांत दिसतो तो. पैसे पाठवणारी कंपनी त्यातून आपला वाटा कापून तुम्हाला ४४.१० देते, आणि ‘शुल्क नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिते. हा २ टक्क्यांचा फरक म्हणजेच शुल्क: महिन्याला ७२०. त्यामुळे दोन ठिकाणांची तुलना करताना शुल्क बघू नका, दरही बघू नका. एकच प्रश्न विचारा: मी इतके डॉलर दिले तर घरी नेमके किती जमा होतील?

उदाहरण म्हणून, दुसरीकडे ६ डॉलर शुल्क आणि ४४.८० दर आहे असं धरा. ८०० मधून ६ गेले, ७९४ गुणिले ४४.८०, जमा ३५,५७१. तुमच्या सध्याच्या मार्गापेक्षा २९१ जास्त. पण याच दोन ठिकाणांहून २०० डॉलर पाठवले तर पहिल्याकडून ८,८२० पोचतात आणि दुसऱ्याकडून ८,६९१. इथे पहिला बरा. दोघांची बरोबरी ३८४ डॉलरवर होते. त्याखाली बिनशुल्काचा मार्ग चांगला, त्यावर शुल्काचा. म्हणून महिन्यातून दोन-तीनदा थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा. जागतिक बँक हा खर्च २०० डॉलरच्या रकमेवर मोजते आणि जगाची सरासरी अजूनही ६ टक्क्यांच्या आसपास आहे. २०३० पर्यंत ती ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तुमचा २ टक्के खर्च त्या मानाने बरा आहे, पण दर उतरलेला असताना हा वाचवता येण्याजोगा पैसा आहे. दर तुमच्या हातात नाही, हा फरक मात्र आहे.

पाठवताना पैसे कुठे गळतात तेही बघून घ्या. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो, तेव्हा कंपन्या सोमवारच्या अनिश्चिततेपोटी दरात जादा फरक ठेवतात. कामाच्या दिवशी पाठवा. क्रेडिट कार्डावरून पैसे भरले तर कार्डाची बँक बहुतेक वेळा तो रोख उचल समजते आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावते. बँकेतून थेट पाठवणार असाल तर ‘सगळा खर्च पाठवणाऱ्यावर’ हा पर्याय निवडलाय का ते पाहा, नाहीतर मधली बँक आपलं शुल्क रकमेतून कापते आणि हप्त्याला शंभर-दोनशे कमी पडतात. घेणाऱ्याचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. एका अक्षराच्या फरकाने रक्कम अडकते आणि परत आली तर दोनदा दर बदलून येते. हुंडीवाला, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोचवणारा, थोडा चांगला दर देईल, पण पावती देणार नाही. उद्या बँकेकडे मुदतवाढ मागायची तर तुमच्या मिळकतीचा पुरावा म्हणून याच पावत्या लागतील. शिवाय पैसे बुडाले तर दाद कुठेच मागता येत नाही.

दर वाढेपर्यंत पैसे तिथेच ठेवावेत का? हप्त्याचे आणि घरखर्चाचे पैसे अजिबात ठेवू नका. कारण अंदाजाने नाही, आकड्यांनी सांगतो. समजा तुम्ही तीन महिने थांबलात आणि २,४०० डॉलर साठवले. तुमचं नशीब चांगलं निघालं, दर ४५ वरून ४७ झाला. फायदा ४,८००. पण या तीन महिन्यांत घराला दरमहा ३६ हजार लागतच होते. भावाने ते महिन्याच्या सुरुवातीला व्याजाने, महिना ३ टक्क्यांनी उचलले, तर पहिल्या महिन्याच्या रकमेवर तीन महिन्यांचं व्याज ३,२४०, दुसऱ्यावर दोन महिन्यांचं २,१६०, तिसऱ्यावर १,०८०. एकूण ६,४८०. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर ठरूनही घर १,६८० ने तोट्यात. अंदाज चुकला आणि दर ४३ झाला, तर तोटा ११,२८०. हप्ता चुकला तर दंड आणि कर्जाच्या नोंदीवरचा डाग वेगळाच.

फिलिपिन्समध्ये हे सगळं घडून गेलेलं आहे. तिथल्या लाखो घरांचा खर्च परदेशातल्या कमाईवर चालतो. २००७ साल सुरू झालं तेव्हा डॉलरला सुमारे ४९ पेसो मिळत, साल संपता-संपता सुमारे ४१. म्हणजे एका वर्षात सोळा टक्क्यांची घट. दर पुन्हा वर येईल म्हणून जानेवारीत जो थांबला, त्याला डिसेंबरपर्यंत एकंदरीत कमी-कमीच मिळत गेलं. पुढे २००८ च्या अखेरीस दर पुन्हा ४७ च्या पुढे गेला खरा. पण तो वर गेला जागतिक मंदीमुळे, आणि त्याच मंदीत तैवानच्या कारखान्यांतून आणि आखातातल्या बांधकामांवरून परदेशी कामगारांना घरी पाठवणं सुरू होतं. दराची वाट बघणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं पाहिजे: चांगला दर अनेकदा वाईट बातमीचा हात धरून येतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

थांबू शकतो तो एकच पैसा: ज्याची घरी देण्याची तारीख ठरलेली नाही. महिन्याला ५० डॉलर वेगळे पडत असतील तर ते कुठल्या चलनात ठेवायचे याचा विचार करता येईल. तिथे कसोटी ही, की तो पैसा शेवटी कुठल्या चलनात खर्च होणार आहे. परतल्यावर घरीच राहायचं असेल तर घरच्या चलनात. मुलीला परदेशात शिकवायचं असेल तर डॉलरमध्ये. आणि व्याजातला फरक विसरू नका: घरची ठेव ७ टक्के देत असेल आणि तिथली ४, तर डॉलर तिथे ठेवणं परवडण्यासाठी वर्षभरात दर साधारण ३ टक्के वर जायला हवा, म्हणजे ४५ चा ४६.३० च्या आसपास. त्याहून कमी चढला तर थांबून तोटाच.

अ‍ॅपवरच्या सौद्यांबद्दल थोडक्यात, पण कळकळीने सांगतो: नको. या सौद्यांत स्वतःच्या पैशांच्या तीसपट, कुठे शंभरपट रकमेचा व्यवहार करू देतात. शंभरपटीत दर तुमच्याविरुद्ध एक टक्का हलला की भरलेली सगळी रक्कम साफ. युरोपच्या रोखे-बाजार नियामकाने २०१८ मध्ये अशा सौद्यांवर बंधनं घातली. तेव्हा त्यांच्या पाहणीत सामान्य ग्राहकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटा होता. शिवाय तुमची मिळकत आधीच डॉलरच्या दराला बांधलेली आहे. त्याच दरावर वरून पैज लावली तर वाईट महिन्यात पगारही कमी पडेल आणि पैजही हराल.

दुसऱ्या मित्राचा सल्ला मात्र विचार करण्यासारखा आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं. तुमची अडचण अशी आहे की मिळकत एका चलनात आणि देणं दुसऱ्या चलनात. २२ हजारांचा हप्ता ५० च्या दराला ४४० डॉलरचा होता, आज ४५ ला तो ४८९ चा आहे, आणि दर ४० झाला तर ५५० चा होईल. तुम्ही काहीही न करता कर्ज जड होत चाललंय. जाताना एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज अजून फिटलं नसेल तर त्याचंही हेच. अशा वेळी देणं मिळकतीच्या चलनात आणणं हे तत्त्व म्हणून बरोबर आहे.

याच्या नेमकी उलट चूक पोलंड आणि हंगेरीतल्या लोकांनी केली होती. पगार त्यांच्या देशाच्या चलनात, पण व्याज कमी म्हणून घरकर्ज स्विस फ्रँकमध्ये. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा लावून फ्रँकला जास्त वधारू दिलं नव्हतं. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने ती मर्यादा अचानक काढली आणि काही मिनिटांत फ्रँक उसळला. पोलंडमधल्या लाखो कुटुंबांचा हप्ता आणि बाकी मुद्दल एका सकाळीत फुगले. हंगेरीने बहुतेक कर्जं आपल्या चलनात वळवण्याचा निर्णय आदल्या नोव्हेंबरातच घेतला होता, म्हणून तिथले कर्जदार थोडक्यात वाचले. कर्ज आणि पगार वेगवेगळ्या चलनांत असले की कमी व्याजदराचं सुख किती तकलादू असतं ते त्या दिवशी दिसलं.

तत्त्व पटलं, पण तुमच्या बाबतीत आकडे काय म्हणतात? ९ लाख म्हणजे ४५ च्या दराने २० हजार डॉलर. तिथल्या बँका परदेशी कामगाराला पगारावर जे कर्ज देतात त्याची मुदत सहसा लहान असते. तीन वर्षं आणि ८ टक्के व्याज धरलं तर हप्ता ६२७ डॉलर. तुमच्या ८०० मधून उरले १७३, म्हणजे घरखर्चाला ७,८०० सुद्धा नाहीत. चार वर्षं मिळाली आणि व्याज तेवढंच असलं तर हप्ता ४८८, आजच्याइतकाच. फायदा एवढा की दर आणखी उतरला तरी तो हलणार नाही. पण नोकरी गेली तर काय, हा प्रश्न उरतो. घरच्या कर्जाला घर तारण आहे आणि बोलायला वेळ मिळतो. तिथल्या कर्जात काही ठिकाणी नोकरी सुटताना मिळणारी रक्कम बँक आधी वळती करून घेते, आणि काही देशांत कर्ज थकलं असताना देश सोडता येत नाही. म्हणून मुदत चार वर्षांपेक्षा कमी मिळत असेल, किंवा कामाचा करार त्या मुदतीआधी संपत असेल, तर हे कर्ज घेऊ नका.

त्यापेक्षा घरच्या बँकेत भावाला पाठवा. सध्याच्या हप्त्याने तुमचं कर्ज साधारण ४९ महिन्यांत फिटेल. मुदत ६० महिने करून मागितली तर हप्ता सुमारे १८,७०० वर येतो, महिन्याला ३,३०० मोकळे होतात. याची किंमत आहे: पूर्ण मुदत घेतली तर व्याजाचे सुमारे ४२ हजार जास्त जातील. पण मधे दर चढला किंवा हातात जादा पैसा आला की मुद्दलात भरून ती मुदत पुन्हा कमी करता येते. आधी भरल्याबद्दल दंड आहे का, तेवढं भावाला लेखी विचारून यायला सांगा. त्याच वेळी हप्त्याची तारीखही पुढे ढकलून घ्या. पगार १ तारखेला आणि हप्ता ५ ला असेल तर मधे सुट्ट्या आल्या की पैसे वेळेत पोचत नाहीत. दोन देशांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगळ्या असल्या तर चार दिवस सहज जातात. १० तारीख मागा.

मग महिन्याची मांडणी अशी करा. आजवर तुम्ही डॉलरची रक्कम ठरवून पाठवत आलात आणि घर दराप्रमाणे आखडत-पसरत राहिलं. ते उलटं करा: घरच्या चलनातली रक्कम ठरवा आणि दराचे धक्के तुमच्या बाजूला घ्या. मुदतवाढ मिळाली तर हप्ता १८,७०० आणि घरखर्च १५,३००, एकूण ३४ हजार. ४४.८० चा दर आणि ६ डॉलर शुल्क धरून त्याला ७६५ डॉलर लागतात. ८०० मधले ३५ उरतात, ते गंगाजळीत. मुदत वाढवायची नसेल तर २२ हजार अधिक १५ हजार, ३७ हजारांना ८३२ डॉलर लागतील. तिथल्या खर्चातून ३२ डॉलर जादा काढता येतात का ते तुम्हीच पाहू शकता. पूर्वीचे ४० हजार पुरे करायचा हट्ट धरू नका. त्याला बाजारदरानेही ८८९ डॉलर लागतात: दर १० टक्के उतरला की तीच रक्कम पोचवायला ११ टक्के जास्त द्यावे लागतात.

गंगाजळीचं उद्दिष्ट तीन हप्त्यांचं ठेवा आणि ती घरच्या चलनात, घरच्याच बँकेत, वेगळ्या खात्यावर असू द्या. ज्या महिन्यात दर ४६-४७ मिळेल त्या महिन्यात वरचा पैसा तिकडे टाका. ज्या महिन्यात ४३ मिळेल, तेव्हा कमी पडलेलं तिथूनच काढा. आणि पुढच्या वर्षाचा बेत करताना आजचा दर न धरता त्यातून आठ-दहा टक्के वजा करून ४१ धरा. नवीन खोली, लग्न, गाडी, जे काही मनात असेल ते ४१ च्या दरात बसत असेल तरच होकार द्या.

एक गोष्ट तपासून घ्या: आपलं चलन खरोखर मजबूत झालंय की डॉलरच अशक्त झालाय? घरच्या चलनाचा युरो, पौंड आणि येनशी दीड वर्षापूर्वीचा आणि आजचा दर बघा. सगळ्यांपुढे वधारलं असेल तर कारण घरचं आहे. फक्त डॉलरपुढे वधारलं असेल तर घसरण डॉलरची आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर, तर अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ वर बांधलेला आहे. अशी चलनं डॉलरबरोबरच खाली जातात आणि त्या देशांत युरोप-जपानमधून येणारा माल महाग होतो. २००७ च्या मे महिन्यात कुवेतने आपला दिनार फक्त डॉलरला बांधून न ठेवता अनेक चलनांशी जोडला, तो याच आयात महागाईमुळे. तुमच्यासाठी याचा उपयोग असा: पगारवाढ मागताना ‘घरी पैसे कमी पोचतात’ हे कारण मालकाच्या कामाचं नाही. तिथलं भाडं आणि खाणाखर्च किती वाढला याचे आकडे नेलेत तर बोलण्याला वजन येतं.

घरी वस्तू स्वस्त का झाल्या नाहीत? कारण घरखर्चातला मोठा भाग परदेशातून येतच नाही. भाडं, शाळेची फी, डॉक्टर, न्हावी, बसचं तिकीट, यांचा डॉलरशी संबंध नाही किंवा फार लांबचा आहे. इंधनाचं कच्चं तेल डॉलरमध्ये विकत घेतलं जातं, पण जिथे दर लिटरवर ठरावीक कर असतो तिथे पंपावरचा भाव कच्च्या तेलाइतका उतरत नाही. आणि आयातीच्या वस्तूंतही दुकानात आज असलेला माल व्यापाऱ्याने जुन्या दराने घेतलेला असतो. नवा माल आला तरी दर पुन्हा फिरेल या भीतीने तो फरक काही महिने स्वतःकडेच ठेवतो. स्पर्धा असेल तिथेच भाव उतरतो. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयात मालाच्या किमती लगेच कमी करण्यात आल्या, कारण गिऱ्हाईक गाडी काढून सीमेपलीकडे जर्मनीत खरेदीला जात होतं. तुमच्या घरच्यांना फायदा दिसेल तो मोबाइल, यंत्रं, त्यांचे सुटे भाग, विमानाची तिकिटं आणि परदेशी शिक्षणाच्या फीमध्ये. असलं काही घ्यायचंच असेल तर हा काळ त्याचा.

तुमच्या पत्रातल्या भावाच्या एका ओळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमचा पगार आणि त्याची नोकरी, दोन्ही डॉलरवर उभ्या आहेत. त्याच्या कारखान्याला एका कपड्याचे १० डॉलर मिळतात असं धरा. ५० च्या दराने ५०० यायचे, आता ४५०. मजुरी, वीज, भाडं मिळून २५०, ते तसंच आहे. कापड परदेशी असेल आणि ४ डॉलरला येत असेल तर ते २०० वरून १८० ला उतरलं. नफा ५० वरून २० वर आला, पण कारखाना तगेल. कापड देशातलंच असेल आणि २०० लाच मिळत असेल, तर नफा शून्य. असा कारखाना आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग हंगामी माणसं काढतो, आणि मग कामाची एक अख्खी पाळीच (शिफ्ट) बंद करतो. ओव्हरटाइम गेलाच आहे.

म्हणून भावाला दोन गोष्टींची माहिती काढायला सांगा. कापड आणि धागा बाहेरून येतो का? आणि हातात किती महिन्यांच्या ऑर्डरी आहेत, त्यांचा डॉलरचा दर मालकाने आधीच बँकेशी ठरवून ठेवलाय का? निर्यातदार बहुधा काही महिन्यांचा दर असा आधी पक्का करतात. ते जुने करार संपले की खरा फटका बसतो. कापड देशी आणि ऑर्डरी तीन महिन्यांच्या आत संपणाऱ्या असतील, तर त्याने आत्तापासूनच देशात विकला जाणारा माल शिवणाऱ्या कारखान्यात जागा बघावी. त्याचं शिवणाचं कसब तिथेही तेवढंच चालतं, आणि त्या पगाराचा डॉलरशी संबंध नसेल. घरून काम घ्यायचं मनात असेल तर परदेशी बनावटीचं शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक मशीन यांचे भाव या महिन्यात दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवायला सांगा. विकत मात्र लगेच घेऊ नका. आधी एक-दोन महिने भाड्याच्या मशीनवर जवळपासची कामं किती मिळतात ते त्याला बघू दे, आणि त्या कामाचे जमा-खर्चाचे आकडे वडिलांच्या वहीत वेगळ्या पानावर लिहू दे.